लायसन, द्राक्षांची पिकअप आणि चौदा महिन्यांपूर्वीची फिट

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. धाकटा भाऊ २७ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी पहाटे झोपेत त्याला पहिली फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत एक जुना, कॅल्शियम साठलेला बारका ठिपका निघाला, ईईजी नॉर्मल आला. लेव्हेटिरॅसिटाम ही फिटची गोळी, ५०० मिलिग्रॅमची, दिवसातून दोन वेळा सुरू झाली. १४ महिन्यांपूर्वी, द्राक्षांच्या हंगामात, सलग दोन रात्री जागरण आणि चार दिवस गोळ्या बंद, अशात भर दुपारी दुसरी फिट आली. त्यानंतर एकही नाही. दुचाकीचं आणि मोटारीचं लायसन पहिल्या फिटच्या कितीतरी आधीचं आहे. आता गावातला एक जण त्याला पिकअपवर घ्यायला तयार आहे: संध्याकाळी द्राक्षं भरायची, रात्रभर गाडी हाणून वाशी मार्केट गाठायचं, दुसऱ्या दिवशी परत. मालकाला डॉक्टरचा फिटनेसचा कागद हवाय. गावातले डॉक्टर सही करत नाहीत. आरटीओचा एजंट म्हणतो, 'फॉर्मवर नाही म्हणून लिहा, कोण बघतंय.' आई म्हणते, पोराचं लग्न व्हायचंय, कुठं बोलू नका. ताईंचा प्रश्न एवढाच: त्यानं गाडी चालवावी का नाही?

ताई, आधी उत्तर देतो. पिकअप नको. या हंगामात नको आणि पुढच्याही नको. मोटारसायकलीचं उत्तर एवढं सरळ नाही, त्यावर खाली सविस्तर लिहितो. आणि गावातल्या डॉक्टरांवर रागावू नका. मिरजेत बसून २२ वर्षं फिटचेच रुग्ण बघतोय, तरी तो कागद माझ्यासमोर आला तर मीही सही करणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना वाटतं की हे एका तपासणीचं काम आहे. ईईजी काढला, नॉर्मल आला, म्हणजे गाडी चालवायला मोकळा. तसं नसतं. ईईजी ही मेंदूच्या विजेची अर्ध्या तासाची नोंद. त्या अर्ध्या तासात काही दिसलं नाही, एवढंच ती सांगते. फिटचा पक्का आजार असलेल्या माणसाचाही पहिला ईईजी कितीतरी वेळा अगदी स्वच्छ येतो. त्यामुळे नॉर्मल ईईजीवर मी कुणाला गाडी देत नाही. बिघडलेला आला तर मात्र कान टवकारतो.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी, जे झालं ती खरंच फिट होती का. हा भाग मी कधीच घाईत उरकत नाही, कारण इथं चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. रुग्णाला स्वतःला काही आठवत नसतं, म्हणून ज्यानं बघितलं तो माणूस मला समोर हवा असतो. डोळे उघडे होते की मिटलेले? अंग आधी ताठ झालं की आधी ढिलं पडून खाली बसला? जीभ कडेला चावली का? शुद्धीवर आल्यावर लगेच 'काय झालं' म्हणाला, की अर्धा तास माणसं ओळखेना? देवळाच्या रांगेत तासभर उभा राहून घामेजून पडलेला माणूस चार झटके देतो, लोक नाकाला कांदा लावतात, आणि 'फिट आली' हा शिक्का जन्मभर बसतो. जतकडच्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना अशाच शिक्क्यावर सहा वर्षं फिटच्या गोळ्या चालू होत्या. दोष हृदयाच्या ठोक्यांत होता, ठोके मधेच थांबत होते. पेसमेकर बसला आणि 'फिटा' बंद झाल्या. गाडीच्या दृष्टीनं तो आजार फिटपेक्षा कमी धोक्याचा नव्हता, पण उपाय वेगळा होता. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. कांदा शोधण्यापेक्षा माणसाला कुशीवर वळवा आणि दुसऱ्या कुणालातरी व्हिडिओ काढायला सांगा. तीस सेकंदांचा व्हिडिओ मला दोन हजारांच्या तपासणीपेक्षा जास्त सांगतो.

दुसरी गोष्ट, फिट कसली. घरच्यांच्या हिशोबात फिट म्हणजे पडणं, फेस, हातपाय झाडणं. 'वर्षात किती फिट आल्या?' विचारलं की उत्तर येतं, 'एक बी न्हाय.' मग मी विचारतो, 'मधेच गप्प होतो का? तोंडातल्या तोंडात चघळल्यासारखं करतो का? बोललेलं ऐकू न आल्यासारखं?' लगेच बायको म्हणते, 'ते व्हय? ते तर आठवड्यातनं दोनदा. हरवतंय म्हणतो आम्ही त्याला.' रस्त्यावर मला सगळ्यात जास्त भीती या हरवण्याची वाटते. पडणारा माणूस निदान पडतो. हरवलेला माणूस हँडल धरून बसलेला असतो, हात आपोआप चालत असतात, गाडी पुढे जात असते आणि आत कुणी नसतं. एका बाईंनी सांगितलं होतं, मागं बसून त्या माहेरी निघाल्या होत्या, नवऱ्यानं ओळखीचं वळण सोडून गाडी सरळ नेली, पाठीत बुक्की मारली तरी वळून बघेना. त्यांना वाटलं, रागावलाय.

सकाळच्या दचक्यांचंही तसंच. सतरा-अठराच्या वयात सकाळी उठल्यावर हात दचकतो, चहाचा कप उडतो. घरात त्याला धांदरट म्हणतात. तो एका ठरावीक प्रकारच्या फिटच्या आजाराचा भाग असू शकतो, आणि या आजाराचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जागरण. गणपतीच्या मिरवणुकीची रात्र संपली की दुसऱ्या दिवशी अशी दोन-तीन पोरं दरवर्षी माझ्याकडे येतात.

'फिट यायच्या आधी मला कळतं, मी गाडी कडेला घेतो' असं सांगणारे भेटतात. पोटातून कळ वर येते, घाण वास येतो, अशा सूचना काहींना मिळतात हे खरं. पण ती सूचना दर वेळी येतेच असं नाही, आणि आली तरी ताशी साठच्या वेगात चार सेकंदांत किती अंतर कापलं जातं ते मोजा: सहासष्ट मीटर. सूचनेच्या भरवशावर मी कुणाला हो म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, कारण. तुमच्या भावाच्या मेंदूतला तो ठिपका बहुधा एका जंताच्या अळीचा अवशेष आहे. हा जंत डुकराच्या मांसातला म्हणून ओळखला जातो, त्यामुळे माळकरी घरातली माणसं दुखावतात. पण मेंदूत गाठ होते ती मांस खाऊन नाही, जंताची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा घाण हातांतून पोटात गेल्यामुळे. अळी मरते, गाठ विरघळते, काहींत तिथं कॅल्शियमचा खडा राहतो. गाठ पूर्ण विरघळलेल्यांचा धोका लवकर उतरतो. खडा राहिलेल्यांच्यात तो ठिपका पुढची कित्येक वर्षं ठिणगी टाकू शकतो. त्याला काढून टाकायचं किंवा घाबरायचं काही कारण नाही, पण 'एमआरआयमध्ये काही विशेष नाही' असंही मी म्हणणार नाही.

आता काळ. सगळा जगभरचा हिशोब इथं येऊन थांबतो: शेवटची फिट कधी आली? बरोबर गोळी घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिटा पूर्ण थांबू शकतात, आणि फिटशिवायचा प्रत्येक महिना पुढच्या फिटची शक्यता थोडी कमी करत नेतो. ब्रिटनमध्ये फिटच्या आजाराच्या माणसाला साधी मोटार किंवा मोटारसायकल चालवायची तर १२ महिने फिट आलेली नसली पाहिजे, गोळ्या चालू असल्या तरी चालतात. ट्रक किंवा बस चालवायची तर १० वर्षं, आणि तीही गोळ्यांशिवाय. एवढा फरक का? तिथला विचार असा की पुढच्या वर्षभरात फिट येण्याची शक्यता साध्या गाडीसाठी २० टक्क्यांच्या आत हवी आणि अवजड गाडीसाठी २ टक्क्यांच्या आत.

२० टक्के ऐकून तुम्ही दचकाल. गणित करून बघा. रोज एक तास मोटारसायकल चालवणारा माणूस चोवीस तासांतला एक तास रस्त्यावर असतो. वर्षात फिट येण्याची शक्यता २० टक्के धरली, तर ती नेमकी गाडीवर असताना येण्याची शक्यता ढोबळमानानं एक टक्क्याच्याही खाली जाते. तोच माणूस रोज बारा तास स्टिअरिंगवर बसला तर ती १० टक्के होते. माणूस तोच, मेंदू तोच, गोळी तीच. तास वाढले. त्यात मागं तीन टन माल असेल किंवा पन्नास प्रवासी असतील तर पुढचं सांगायला नको.

म्हणून पिकअप नको म्हणालो. वजनानं ती हलकी गाडी आहे, तास मात्र ट्रकचे आहेत. तासगावातून वाशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर: कऱ्हाड, सातारा, खंबाटकीचा घाट, पुणे, मग एक्स्प्रेसवे. सगळी रात्र जागून. आणि त्याची दुसरी फिट कशानं आली होती? जागरणानं आणि चुकलेल्या गोळीनं. नेमकी हीच दोन कारणं त्या नोकरीत रोज हजर असणार आहेत. ढाब्यावर जेवण अकराला झालं, पाकीट गाडीत राहिलं, की रात्रीची गोळी गेलीच. त्याचे ते १४ महिने घरी झोपून, वेळेवर गोळ्या घेऊन मिळालेले आहेत. ते पिकअपवर लागू होत नाहीत.

कुणी म्हणेल, ती फिट गोळ्या बंद केल्यामुळे आली, ती धरू नका. डॉक्टरनं स्वतः गोळी कमी करताना फिट आली आणि पुन्हा पहिला डोस सुरू केला, तर ब्रिटनमध्ये ६ महिन्यांची सवलत मिळते. आपल्या मनानं गोळी सोडली त्याला मी सवलत देत नाही, कारण एकदा सोडणारा पुन्हा सोडतो. हे कठोर वाटेल. पण मी पाकिटं मोजतो. महिन्याला साठ गोळ्या लागतात, मग तीन महिन्यांत रिकामी पाकिटं किती झाली? भावाला पुढच्या वेळी कचऱ्याची पिशवी घेऊनच पाठवा, मला राग येत नाही.

गोळ्यांचा आणखी एक पैलू लोक विसरतात. फिट थांबली पण गोळीनं झोप येते, एकाचे दोन दिसतात, पाय लडखडतात, असा माणूसही गाडीला लायक नाही. फिटच्या गोळ्यांपैकी फेनिटॉइनचा डोस थोडा जास्त झाला तरी हे होतं. क्लोबाझामनं पेंग येते. लेव्हेटिरॅसिटामनं काहींचा स्वभाव तापट होतो, आणि तापट माणूस ओव्हरटेक कसा करतो ते आपल्याला माहीत आहे. मी ओपीडीत रुग्णाला फरशीच्या रेषेवरून एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालवतो, डोळे दोन्ही बाजूंना फिरवायला लावतो. दोन मिनिटांचं काम आहे. वर सर्दीची गोळी, दारू, किंवा दुखण्यासाठी परस्पर आणलेलं ट्रॅमाडॉल, ही तिन्ही माझ्या यादीत असतात. ट्रॅमाडॉलनं तर फिटच येऊ शकते.

माझी एक चूक सांगतो. वाळवा तालुक्यातला एक रुग्ण दोन वर्षं माझ्याकडे येत होता. केसपेपरवर व्यवसाय: शेती. मी कधी पुढे विचारलं नाही. गळीत हंगामात तो रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर चालवायचा. हे मला कळलं तेव्हा ट्रॅक्टर चरीत गेलेला होता. सुदैवानं त्याच्या खांद्यावरच निभावलं. त्या दिवसापासून 'शेती' या शब्दावर मी थांबत नाही. ट्रॅक्टर कोण चालवतं, कडबाकुट्टीवर कोण असतं, विहिरीत मोटर काढायला कोण उतरतं, नदीला पोहायला जाता का, एकेक विचारतो. स्वतःच्या रानात चालवला म्हणून ट्रॅक्टर मऊ होत नाही.

आता कायदा. इथं मला स्वतःलाच अवघडल्यासारखं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ८ सांगतं की अर्जदाराला असा आजार असेल ज्यामुळे त्याचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरण्याचा संभव आहे, तर लायसन नाकारावं. हे वाक्य समजूतदार आहे, त्यात 'संभव' आहे. पण १९८९ च्या नियमांतला फॉर्म १ सरळ विचारतो: तुम्हाला अपस्माराचा (म्हणजे फिटचा), किंवा कोणत्याही कारणानं अचानक शुद्ध हरपण्याचा अथवा चक्कर येण्याचा त्रास आहे का? हो लिहिलं की वाट बंद. शेवटची फिट दहा दिवसांपूर्वीची की दहा वर्षांपूर्वीची, यासाठी फॉर्मात रकाना नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि व्यावसायिक लायसनसाठी डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. काही शिबिरांत तो कागद डोळ्यांचा तक्ता वाचून घेऊन चार मिनिटांत भरला जातो, ही आमच्या धंद्याची लाज आहे.

लग्नाच्या कायद्यात हाच शब्द होता. १९९९ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्मार काढून टाकला. त्यामुळे आईंना सांगा, फिटच्या आजारामुळे लग्न कायद्यानं अडत नाही. लपवल्यामुळे मात्र मोडतं, ते मी बघितलंय. गाडीच्या फॉर्मवरचा शब्द तसाच राहिला.

सरसकट बंदीनं रस्ते सुरक्षित होतात असं मला वाटत नाही. बंदी असली की माणूस आधी फॉर्मवर खोटं लिहितो, मग डॉक्टरशी खोटं बोलतो, आणि खरी फिट केसपेपरवर येतच नाही. जपाननं २००२ मध्ये सरसकट बंदी उठवून दोन वर्षं फिट नसेल तर लायसन द्यायला सुरुवात केली. तरीही २०११ मध्ये तिथं एका क्रेनचालकानं आजार लपवला, गोळी घेतली नव्हती, आणि शाळेला निघालेली सहा मुलं गेली. त्यानंतर तिथं खोट्या माहितीला शिक्षा आली. दार उघडणं आणि खोट्याला धाक, दोन्ही बरोबर लागतं. आपल्याकडे दार बंद आणि धाक नावाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली, धोक्याचा आजार आहे हे माहीत असून गाडी चालवली तर पहिल्या वेळी एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अपघात झाल्यावर फॉर्मवरची ती खोटी सही जेव्हा विमा कंपनीच्या आणि वकिलाच्या हातात पडते, तेव्हाचा हिशोब वेगळा असतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत एक फट आहे, तीही सांगतो, कारण मालक ती सांगेलच. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनुसार, शेवटचा नोव्हेंबर २०२४ चा, साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोच्या आतली व्यावसायिक गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येते. म्हणजे पिकअपसाठी त्याला आरटीओत जावंच लागणार नाही, फॉर्म १-अ त्याच्या वाटेत येणारच नाही. अडवणारं कुणी नाही म्हणून तर मी आधीच नको म्हणालो.

डॉक्टरांना आरटीओला कळवण्याची सक्ती आपल्याकडे नाही. पण २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि स्पष्ट धोका असेल तर गुप्तता मोडण्याची मुभा आहे. मी आजवर ती एकदाच वापरली, शाळेची व्हॅन चालवणाऱ्याच्या बाबतीत, आणि त्याला आधी सांगून. आरटीओनं लायसन रद्द केलं तर ३० दिवसांत अपील करता येतं, हेही त्याला मीच सांगितलं होतं. तो नंतर माझ्याकडे आला नाही.

मोटारसायकल. कायद्याच्या बाजूनं मी त्याला अभय देऊ शकत नाही, हे स्पष्ट ठेवतो. वैद्यकीय मत विचाराल तर असं आहे: दोन फिटा, ठिपका, एक फिट जागेपणी, १४ महिने शांत. 'मला फिट झोपेतच येते' म्हणणाऱ्यांना ब्रिटनमध्ये मिळणारी सवलत त्याला लागू नाही, दुसरी फिट दुपारची आहे. गोळ्या खरंच रोज घेतोय हे पाकिटांवरून पटलं, मधे 'हरवणं' नाही हे तुम्ही आणि आईनं सांगितलं, चालणं-डोळे ठीक असले, तर गावातल्या गावात, दिवसा, हेल्मेट घालून, मागं कुणाला न बसवता जाण्याला माझा वैद्यकीय विरोध नसेल. हायवे नको. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी किल्ली आईकडे. गोळी एक जरी चुकली तरी दोन दिवस गाडी नाही. फिट आली की हिशोब शून्यापासून, पूर्ण वर्ष. मागं बसून जाणंही आजार काबूत नसताना धोक्याचं असतं. ती वेळ आली तर एसटी बरी. आणि कमी वेगाच्या, २५ किलोमीटरच्या आतल्या बॅटरी स्कूटरला लायसन लागत नाही म्हणून ती घ्यायचा विचार असेल, तर फिटला लायसन कळत नाही. अटी त्याच.

दोन-तीन वर्षं शांत गेली की गोळी कमी करायचा विषय निघतो. ज्याची रोजची कामं गाडीवर आहेत त्याला मी बऱ्याचदा विचारतो, गोळी चालू ठेवलेली चालेल का? कमी करायची ठरलीच, तर कमी करण्याचा काळ आणि त्यानंतरचे ६ महिने गाडी बंद. फिटशिवाय १० वर्षं, त्यातली शेवटची ५ गोळीशिवाय गेली, तर जागतिक व्याख्येप्रमाणे आजार संपला असं धरलं जातं. तेव्हा त्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं तर ते खोटं ठरू नये, असं माझं मत.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि मला माहीत आहे की तोच खरा आहे. त्या पिकअपच्या मालकालाच विचारा, पॅकिंग शेडवर, वजनकाट्यावर किंवा कोल्ड स्टोरेजच्या नोंदींवर दिवसपाळी मिळते का. त्याला खरं सांगून विचारा. पुढच्या वेळी भावाला घेऊन या, दुसरी फिट ज्यानं डोळ्यांनी बघितली त्यालाही आणा, आणि त्या रिकाम्या पाकिटांची पिशवी.